मागच्या ब्रेकची पट्टी

बाबा, "दगड ओला होता," असं तुम्ही म्हणाला होतात. दवाखान्याच्या खाटेवर, गुडघ्याला फळ्या बांधलेल्या, शर्टाच्या बाहीवर अजून नदीतली वाळू. मी तुमच्या उशाशी उभी राहून काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. "बाबा, ती पिन मी..." एवढंच माझं झालं आणि तुम्ही माझ्याकडे न बघता, छताच्या पंख्याकडे बघत म्हणालात, "दगड ओला होता. विषय संपला." होळी होऊन महिना उलटला होता. दाभोशाच्या नदीत पाणी राहिलं होतं ते खालच्या डोहात. ज्या कातळावर तुम्ही पडलात तिथे हात टेकला तर चटका बसत होता. तुम्हाला ते ठाऊक होतं आणि मलाही. तरी ते वाक्य आपल्या घरात सव्वीस वर्षं चाललं. आईने ते पाहुण्यांना सांगितलं, भावाने मित्रांना सांगितलं, आणि तुम्ही गेल्यावर भेटायला आलेली माणसं ते एकमेकांना सांगत होती. मी दर वेळी खाली बघत बसले. मला वाटायचं, ते तुम्ही माझ्यासाठी बोललात. मला झाकायला.

तसं नव्हतं, हे मला या सुट्टीत कळलं. म्हणून लिहिते आहे. तुम्ही जाऊनसुद्धा आता सोळा वर्षं झाली, तेव्हा या लिहिण्याला काही अर्थ नाही हे मला समजतं. पण मनात इतकं मोकळं वाटतंय की ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि ज्याला सांगायचं तो माणूस तुम्हीच आहात.

झालं असं की सुट्टी लागली आणि भावाचा ठाण्याहून फोन आला. "ताई, गॅरेजचं मागचं शेड पाडायला घेतोय. पावसाआधी पत्रे उतरवायचेत. पंधरा दिवसांनी भंगारवाला येईल. तुझं काही असेल तर बघून घे." मी म्हटलं, "माझं काय असणार तिथे?" तो म्हणाला, "नाही, म्हणजे ती बाबांची माकडगाडी आहे ना. ती पण देऊन टाकू?" दगडांवर चढायची म्हणून अख्खं जव्हार त्या मोटारसायकलला माकडगाडीच म्हणायचं. मी मोखाड्याच्या शाळेतले निकालाचे कागद आवरत होते. ते हातातच राहिले. "ती नाही," मी म्हणाले, आणि मग मलाच नवल वाटलं. सव्वीस वर्षांत मी त्या गाडीवरची ताडपत्री एकदाही उचलली नव्हती.

तुम्ही ती गाडी केलीत तेव्हा मी नववीत होते. नाशिकच्या रद्दीवाल्याकडून तुम्ही एक परदेशी मासिक आणलं होतंत. त्यातला एकही शब्द तुम्हाला वाचता येत नव्हता, पण फोटो तुम्ही जेवताना समोर ठेवायचात. एक माणूस मोटारसायकलवर उभा आहे, आणि ती मोटारसायकल घराएवढ्या दगडावर चढते आहे. मी डिक्शनरी घेऊन बसले आणि तुम्हाला सांगितलं की ही शर्यत नाही. यात वेगाला काहीच किंमत नाही. चुन्याच्या रेघांमधून, दगडांवरून, पाण्यातून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. जितक्या वेळा पाय टेकेल तितके गुण गेले. ही चाचणी असते, म्हणून तिला ट्रायल म्हणतात. तुम्ही घास तसाच तोंडात ठेवून म्हणालात, "म्हणजे आपल्या पाड्यांवर दूधवाला रोज जातो तसंच की. फक्त त्याला कोणी गुण देत नाही." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कोपऱ्यातली जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल बाहेर काढलीत.

तिचं तुम्ही काय काय केलंत ते मला आजही ओळीने आठवतं. सीट काढून तिथे फोमचा एक तुकडा. सायलेन्सर दगडाला लागू नये म्हणून वळवून वर. पायठेवण्या चार बोटं मागे आणि खाली, कारण बसायचं नसून उभं राहायचं. मागची चेनव्हील लेथवाल्याकडून ताटाएवढी करून आणली, म्हणजे गाडी माणसाच्या चालीने चालेल पण भिंत चढेल. टायरमध्ये हवा इतकी कमी की अंगठ्याने दाबलं तर रबर आत जावं. आणि साखळी तुम्ही ग्रीसमध्ये उकळलीत, घरच्या गॅसवर, आईच्या वरणाच्या पातेल्यात. आई देवळातून आली आणि दारातच थांबली. "हे काय शिजतंय?" तुम्ही म्हणालात, "दोन मिनिटं. झालंच." आई म्हणाली, "झालंच ना? मग आता तेच वाढते तुम्हाला. भातावर घ्या." पुढचे तीन दिवस ती तुमच्याशी बोलली नाही, माझ्यामार्फत निरोप देत होती. "तुझ्या बापाला सांग, अंघोळीचं पाणी तापलंय." तुम्ही पाटाएवढ्या अंतरावर बसलेले.

आणि भोकं. वजन कमी करायचं वेड तुम्हाला त्या मासिकाने लावलं. फोटोतल्या गाडीच्या प्रत्येक पट्टीला भोकं होती. तुम्ही ड्रिल घेऊन बसलात आणि जिथे लोखंड दिसेल तिथे भोक पाडलंत. चेनगार्डला, स्टँडला, ब्रेकच्या पेडलला. मला ते फार आवडायचं. ड्रिलमधून निघालेल्या लोखंडाच्या कुरळ्या साली मी जमवायचे. साखरशेतचे काका, जे तुमच्याकडे कामाला होते आणि तुमच्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनीच लहान होते, ते बाजूला बिडी ओढत बसायचे आणि म्हणायचे, "शेठ, आता गाडीला वारा घाला, उडून जाल." तुम्ही हसायचात. मला मात्र खरी कामं द्यायचात. दहावी पास झाले तेव्हा तुम्ही मला दहा-अकराचा नवा पाना दिलात, वर्तमानपत्रात गुंडाळून. चुलती म्हणाली, पोरीला पाना? घड्याळ द्यायचं. तुम्ही म्हणालात, "घड्याळ काय, कुणीही बघतं."

बारावीची परीक्षा संपली आणि त्या रविवारी तुम्ही आणि नाशिकचे तुमचे चार मित्र दाभोशाला जमणार होतात. सकाळी अंगणात गाडी उभी आहे, तुम्ही कार्बोरेटरशी झटताय आणि मला म्हणताय, "बाय, मागच्या ब्रेकची पट्टी तू बसव." ती वीतभर लांबीची सपाट पट्टी. तिचं एक टोक चाकातल्या ब्रेकच्या झाकणाला, दुसरं गाडीच्या सांगाड्याला. ब्रेक दाबला की ते झाकण चाकाबरोबर फिरायला बघतं आणि ही पट्टी त्याला धरून ठेवते. दोन्ही टोकांना नट, आणि नट ढिला होऊ नये म्हणून त्यातून आरपार एक बारीक स्प्लिट पिन घालून तिची टोकं वाकवायची. तुम्ही खिशातून पिना काढून न मोजता माझ्या तळहातावर ठेवल्यात. मी माझ्या पान्याने नट आवळले. पिना घातल्या. निदान तेव्हा तरी मला वाटलं की घातल्या. तेवढ्यात जीप आली, आईने डबा घ्यायला हाक मारली, आणि मी उठले.

तुम्ही चढाची बाजू अशी सुंदर केलीत की नाशिकवाले टाळ्या वाजवत होते. एकदाही पाय नाही. मग उतार. तुम्ही कातळाच्या माथ्यावर उभे आहात, पुढे झुकून बघताय, क्षणभर माझ्याकडे बघून भुवया उडवताय, आणि उतरायला लागताय. अर्ध्यावर तुम्ही मागचा ब्रेक दाबलात. कडकन एक आवाज झाला. मागचं चाक जाम झालं, गाडी आडवी गेली आणि तुम्ही तिच्यासकट खालच्या दगडांत. काका माझ्या आधी पोहोचले. मी धावत आले तेव्हा तुम्ही गुडघा धरून बसला होतात आणि गाडी कुशीवर पडली होती, आणि त्या गाडीखालून ती पट्टी लोंबत होती. एका टोकाने सुटलेली. मी एवढंच बघितलं. चाकाच्या बाजूला सगळा चिखल आणि शेवाळाचा वाळका थर होता, तिथे बघायला मी थांबले नाही. संध्याकाळी दवाखान्यातून घरी येऊन कपडे बदलताना कुडत्याच्या खिशात हात गेला आणि हाताला एक पिन लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच सांगायला मी तुमच्या उशाशी आले होते.

ती पिन मी टाकली नाही. डी.एड.ला गेले तेव्हा नेली, लग्नानंतर नेली, मोखाड्याच्या क्वार्टरमध्ये सुयादोऱ्याच्या डबीत ती आहे. तुमचा गुडघा पुन्हा वाकला नाही. गॅरेज तुम्ही स्टुलावर बसून चालवलंत. गाडीवर ताडपत्री टाकून तुम्ही सांगितलंत, "हिला कुणी हात लावायचा नाही," आणि मला वाटलं, ते मलाच सांगितलं. तुम्ही माझ्यासाठी आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा फॉर्म आणून ठेवला होतात, आठवतं? मी तो परत केला. म्हटलं, मला शिकवायला आवडेल. तुम्ही फॉर्म घडी करून खिशात ठेवलात आणि का म्हणून एकदाही विचारलं नाहीत. आणि त्याच आठवड्यात, मला ती पट्टी बसवताना बघितलेली आई चुलत्यांसमोर म्हणाली, "मुलीच्या हातात नटबोल्ट दिले की असंच व्हायचं." तुम्ही आतल्या खोलीत जागे होतात. दार उघडं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत. दगडाचं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, पण त्या वाक्यावर गप्प राहिलात. बाबा, मला तुमच्या पडण्यापेक्षा ते जास्त लागलं होतं.

तर या सुट्टीत मी ताडपत्री काढली. आधी वाटलं होतं, गाडी नुसती पुसून ठेवावी. मग साखरशेतला निरोप धाडला. काका आले. आता त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या आहेत, पण कान तसेच, इंजिन ऐकायला वाकडी मान करतात. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "बाय, येवढी वर्सा? मना वाटला कदीच भंगारात गेली." मी विचारलं, चालू होईल का. "चालू कराची हाय तं व्हईल. नुसती बगाची असंल तं नाय व्हनार."

पिस्टन अडकला होता. त्यात डिझेल ओतून चार दिवस ठेवलं. टाकीत गंज होता, म्हणून मूठभर नट आणि नदीचे खडे घालून ती दोघांनी धरून हलवली, तर आई ओट्यावरून ओरडली, "लग्नाचा बँड आणलाय का?" कार्बोरेटरचे जेट मी बारीक तारेने साफ केले. माझी बोटं सगळं ओळखत होती, बाबा. कुठल्या बाजूने आटे फिरतात, कुठे जोर लावायचा आणि कुठे थांबायचं. मी पाचव्या दिवशी मागच्या चाकाशी आले. तिथे जायचं मी मुद्दामच लांबवत होते. चिखल दगडासारखा झाला होता. मी पाणी मारलं, स्क्रू ड्रायव्हरने खरवडला, आणि खालून नट निघाला. नट जागच्या जागी होता. त्यातून पिन गेलेली, टोकं दोन्हीकडे वाकवलेली, अगदी तुम्ही शिकवली होती तशी, एक वर आणि एक खाली. आणि त्या नटाखाली पट्टीचा अडीच बोटांचा तुकडा. तो जिथे संपत होता तिथे अर्धं भोक होतं. भोकाचा दुसरा अर्धा भाग गाडीच्या सांगाड्याला लटकलेल्या उरलेल्या पट्टीवर होता. मी दोन्ही तुकडे जवळ आणले. ते जुळले.

काकांनी चहाचा कप माझ्या शेजारी ठेवला. मी म्हटलं, "काका, ही तुटली होती. सुटली नव्हती."

"तुटलीच व्हती ना. भोकावं. मी जीपमंदी टाकताना बगला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मना काय, तुझ्या बापालाबी म्हायती व्हता. मी त्याला आदीच सांगला, शेठ, ह्या पट्टीला भोका नको, ही जोर खाते. तं मना बोलला, तू बिडी ओढ." मग माझ्या तोंडाकडे बघून ते थांबले. "तुला ठावं नवता?"

मी त्यांना पिनेचं सांगितलं. खिशातल्या. ते बिडी पेटवायची विसरून ऐकत होते. मग इतके मोठ्याने हसले की त्यांना खोकला लागला. "अगं, तो कामाला दोन लागल्या तं तीन द्याचा! वाकवताना येकादी मोडतेच. मना बी तसाच द्याचा. माझ्या खिशात किती पिना ऱ्हायल्या, माझी बायको कपडे धुताना शिव्या घालाची." मग हसू ओसरलं तसं ते हळू आवाजात म्हणाले, "येवढी वर्सा कोनाला इचारला बी नाय तू."

नाही विचारलं. तुम्हाला विचारायला गेले होते, ते तुम्ही अडवलंत. त्या दिवशी मी "बाबा, ती पिन मी..." म्हणाले आणि तुम्हाला काय ऐकू आलं असेल ते मी आता गॅरेजच्या पायरीवर बसून विचार करून बघते. वेदनेत होतात. डोक्यात ती पट्टी होती, काकांचं न ऐकलेलं बोलणं होतं. मुलगी पट्टीच्याच गोष्टीला तोंड फोडते आहे हे तुम्हाला कळलं, आणि जव्हारमधला सगळ्यात चांगला मेकॅनिक म्हणून जिच्यासमोर मिरवत होतात तिला काय सांगायचं ते तुम्हाला सुचलं नाही. मी माझी चूक सांगायला आले होते आणि तुम्ही तुमची लपवत होतात. दोघांनी एकाच वाक्यावर सह्या केल्या आणि घरी आलो. आई ते बोलली तेव्हा तुम्ही गप्प राहिलात तेही आता मला निराळं दिसतं. तोंड उघडलं असतंत तर सगळंच सांगावं लागलं असतं. ते बरोबर नव्हतं, बाबा. पण मला वाटत होतं तसं ते नव्हतं. तुम्ही माझ्या हातांना दोष देत नव्हतात. त्या हातांनी काम चोख केलं हे त्या घरात फक्त तुम्हालाच ठाऊक होतं.

मी रडेन असं मला वाटलं होतं. रडले नाही. उठून हात धुतले, पुन्हा बसले, आणि मोठी भूक लागली. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मोखाड्याच्या वर्गात तेवीस वर्षं मुलांना शिकवते आहे, ते मला आवडतं, त्याचं वाईट वाटून घ्यायचं माझं वय नाही आणि इच्छाही नाही. पण एक मूल पट्टीने रेघ मारताना चुकलं की मी ती रेघ स्वतः पुसून मारायचे, दुसऱ्याला कात्री देताना दोनदा बजावायचे, गॅस बंद केला का हे तीनदा बघायचे, नवऱ्याच्या स्कूटरला मी हात न लावता दुरून "जरा नट बघून घे" म्हणायचे, ते सगळं कुठून यायचं हे कळलं. कळल्याबरोबर ते जातं असं नाही. पण गेल्या आठवड्यात मी गॅस एकदाच बघितला.

नवी पट्टी आम्ही लेथवाल्याच्या मुलाकडून करून घेतली. जाड, अखंड. तो म्हणाला, "मॅडम, भोकं पाडून देऊ? लुक येतो." काका म्हणाले, "तू बिडी ओढ." दोन्ही नट मी आवळले. दोन पिना घातल्या. बुधवारी सकाळी अठराव्या की एकोणिसाव्या किकला गाडी चालू झाली आणि शेडमध्ये तो निळसर धूर भरला. मी पहिल्या गिअरमध्ये गॅरेजभोवती दोन फेऱ्या मारल्या, उभं राहून, पायठेवण्यांवर. तिसऱ्या फेरीत विटांच्या ढिगाऱ्यावर घातली. चार वेळा पाय टेकला. काका बोटं मोजत होते.

ही गाडी आता मोखाड्याला येते आहे. नवरा म्हणाला, ठेव मागच्या पडवीत, मी तिच्याकडे नुसता बघत जाईन. शेड उद्या पाडतील.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, ती काकांनासुद्धा सांगितलेली नाही. ते दोन तुकडे जुळले तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी सुटकेचंही आलं नाही, तुमच्याबद्दल कीवही आली नाही. आधी आला तो आनंद. चूक तुमची निघाली याचा निव्वळ, पोरकट आनंद. तुम्ही स्टुलावर पाय लांब करून बसलेले मला दिसत होते आणि तरी मी खूश होते. हे तुम्हाला वाचायला मिळणार नाही म्हणून लिहू शकले.

आणि एक मागणं आहे. आई आता चौऱ्याहत्तरची आहे. संध्याकाळी ओट्यावर बसते. काल माझे काळे हात बघून म्हणाली, "या वयात हे काय गं? तुला कधी जमलंय का ते?" माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. तुम्हाला विचारल्याशिवाय सांगणार नाही असं ठरवलं, कारण तिला कळलं तर ती तुमच्या फोटोसमोर उभी राहून आठ दिवस बोलेल, शेजारणींना बोलावून बोलेल, आणि तुम्हाला उठून गॅरेजमध्ये जाता येणार नाही. पण मला ते ऐकायचंय. तिने एकदा तरी तिच्या तोंडाने म्हणायला हवं की पोरीचं काम चोख होतं. तर बाबा, आईला सांगू द्या मला. तुम्ही नको म्हणणार, मान न वळवता, छताकडे बघत. तरी विचारते.